दोन तलवारी मागे ठेवणारा चोर

१

चष्मेवाले काका जिना चढून वर आले तेव्हाच पत्तेवालीला कळलं, काहीतरी भलतंच झालंय. तिचा जिना काही साधासुधा नव्हता. इतका उभा, की मांजरसुद्धा मधल्या पायरीवर बसून दम खायची. एक पोस्टमन त्यावर चढायला लागला तेव्हा काळ्या मिशांचा होता, वर पोचला तेव्हा पिकलेल्या मिशांचा, असं गल्लीत सगळे शपथेवर सांगायचे. काका आठवड्यातून एकदाच यायचे, त्यांचं चष्म्यांचं दुकान बंद असेल त्या दिवशी, आणि दर पायरीला एक शिवी हासडत यायचे. आज दुकान उघडायच्या वेळेला आले, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

त्यांनी खिशातून एक पत्ता काढून टेबलावर ठेवला. "हा तुझा ना?"

तिचाच होता. टॅरोचा, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांचा पत्ता, कोपऱ्यावर चहाचा तपकिरी डाग. चित्रात एक माणूस चवड्यांवर पळतोय, कवेत पाच तलवारी, मागे वळून गालात हसतोय. आणि त्याच्या मागे जमिनीत रोवलेल्या आणखी दोन तलवारी तशाच राहिल्यात.

"माझा. तुम्हाला कुठे मिळाला?"

"दुर्बीण गेली गं," काका म्हणाले आणि खुर्चीवर बसले. बसले कसले, कोसळलेच. "स्टँडसकट गेली. काचेच्या कपाटाशेजारी ती असायची, त्या जागेवर हा पडला होता."

ती पितळी दुर्बीण सगळ्या गल्लीला माहीत होती. काकूंनी लग्नानंतर काकांना दिलेली. काकू गेल्या, दुर्बीण राहिली. काका रोज सकाळी आधी ती पुसायचे, मग स्वतःचा चष्मा.

"कुलूप फोडलंय?"

"शाबूत आहे. किल्लीनं उघडलंय कुणीतरी. किल्ल्या माझ्याशिवाय तिघांकडे. माझी पुतणी बारकी, माझा मेहुणा, आणि शेजारचा हसाभाऊ. मी माझी किल्ली रोज हरवतो म्हणून त्याच्याकडे एक ठेवलेली असते." काकांनी चष्मा काढला. "आता मी मूर्ख असेन, पण आंधळा नाही. मेहुणा तुझं नाव काढलं की नाक मुरडतो. हसाभाऊ गुडघ्यापायी तुझ्या जिन्याकडे बघतसुद्धा नाही. तिघांतून तुझ्याकडे येऊन बसते ती एकटी बारकी. आणि तू माणसाला जाताना पत्ता देतेस, हे मला माहीत आहे. माझ्याही पाकिटात एक आहे. खरं सांग. हा तू तिला दिला होतास?"

पत्तेवालीनं पत्त्याकडे पाहिलं. चोर तिच्याकडे बघून हसत होता.

तो तिनं बारकीलाच दिला होता. स्वतःच्या हातानं.

२

आता या बाईची पत्ते बघायची तऱ्हा सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

बाकीचे पत्तेवाले समोर बसतात, डोळे मिटतात, आणि तुमचं लग्न, तुमची नोकरी, तुमचा परदेश घडाघडा सांगून मोकळे होतात. ही शेजारी बसायची. चित्र दोघांनाही सुलटं दिसलं पाहिजे, हा तिचा पहिला हट्ट. पत्ता उलटायचा समोरच्यानंच, तिनं हात लावायचा नाही. मग ती एकच विचारायची, "आधी काय दिसलं?" माणूस म्हणायचा, घोडा. किंवा म्हणायचा, त्या बाईचे पाय अनवाणी आहेत. तिथून त्याचा धागा सुटायचा आणि तोच बोलत सुटायचा. पुढे काय होणार, हे तिनं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी फारच मागे लागलं तर म्हणायची, "पुढचं मला कळत असतं तर हा जिना असलेली खोली मी घेतली असती का?"

ही विद्या तिनं कुणा साधूकडून घेतली नव्हती. घेतली होती चष्मेवाल्या काकांकडून. डोळे तपासायला गेली होती, तेव्हा काका भिंगामागून भिंग बदलत विचारत राहिले, "हे बरं दिसतं, की हे?" भिंतीवर अक्षर कुठलं आहे ते त्यांनी एकदाही सांगितलं नाही. तिला दिसतंय काय, एवढंच विचारलं. ती घरी आली आणि त्या दिवसापासून तिनं भविष्य सांगणं बंद करून टाकलं.

दुसरी तऱ्हा जाताना पत्ता द्यायची. बसणं संपलं की ती सगळे पत्ते सुलटे पसरायची आणि म्हणायची, "एक घेऊन जा. प्रश्न सुटला की परत आण. पण कुणाला दाखवायचा नाही, दाखवला की तो गार पडतो." हे गार पडणं तिनं आपल्या मनानं रचलं होतं. माणसानं आपला प्रश्न चारचौघांत मिरवू नये, एवढाच त्यात हेतू. त्यामुळे गंमत अशी की तिचा जुडा कधी पुरा नसायचाच. दाईच्या एप्रनमध्ये एक, बेकरीवाल्याच्या उशीखाली एक, आणि काका सोडले तर प्रत्येकाला वाटायचं, पत्ता घेऊन फिरणारे आपण एकटेच.

तिसरी तऱ्हा म्हणजे तिच्या टेबलावर बोललेलं टेबलावरच राहायचं.

म्हणून ती काकांना म्हणाली, "कुणाला कुठला दिला ते मी सांगत नाही. तुम्हाला कुठला दिलाय ते तरी आजवर कुणाला कळलंय का?"

"मग मी काय समजायचं?"

"समजू नका. हा पत्ता आणखी कुणाला दाखवलाय?"

"कुणाला दाखवतोय? उचलला, खिशात टाकला, तडक इकडे आलो. बारकीलासुद्धा एवढंच म्हणालो, दुर्बिणीच्या जागी एक पत्ता सापडला. मेहुण्याला आणि हसाभाऊलाही तेवढंच."

"झकास. परत खिशात टाका. त्यावर काय आहे ते कुणालाही सांगायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी."

काका उठले. दारात थांबून, पाठ तिच्याकडे ठेवून म्हणाले, "संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मी तिच्याकडची किल्ली मागून घेणार आहे. माझ्यासाठी म्हणून इस्पितळातली नोकरी सोडून आली पोर, मला वाटलं आता दुकान पोरकं नाही. पण काकूची वस्तू चोरणाऱ्या हातात मी दुकान देणार नाही."

जिन्यावरून उतरताना त्यांनी एकही शिवी दिली नाही. पत्तेवालीला त्याचीच जास्त भीती वाटली.

३

बारकी दुकानाच्या मागच्या बोळात उभी होती. नावाची बारकी, उंचीला चांगली दाराला लागेल एवढी. रडून डोळे सुजले होते, पण हात कामात. चष्म्याची एक काडी घट्ट करत होती.

"मावशी, माझा पत्ता हरवलाय," ती पत्तेवालीला बघताक्षणी म्हणाली. "तुम्ही दिलेला. कोटाच्या आतल्या खिशात होता. आणि काका म्हणतात तिथं एक पत्ता सापडला. कुठला ते सांगत नाहीत. माझाच असणार ना?"

"मी काय सांगू? कोट कुठे कुठे काढलास?"

"घरी. पण घरी मी एकटीच. इथं तर अंगातच असतो, दुकानात गारठा असतो ना." ती विचारात पडली. "हां, हसाभाऊंकडे. दुकानाच्या परवान्यासाठी फोटो हवा होता. ते म्हणाले, कॉलरची सावली पडते गळ्यावर, कोट काढ. आणि मामा आले होते परवा, काकूंचे भाऊ, तेव्हा भिंगं धुवायची होती म्हणून खुंटीला लावला होता थोडा वेळ."

"म्हणजे दोघंही."

"मावशी, काकांना सांगा ना मी का घेतला होता तो पत्ता. मी काय बोलले होते तुमच्याजवळ, ते तुम्हाला माहीत आहे."

"मी नाही सांगणार."

बारकीच्या हातातला स्क्रू खाली पडला. "माझी किल्ली काढून घेणार आहेत ते."

"तुझं बोलणं तुझं आहे. मी सांगितलं तर ती चहाडी होईल, तू सांगितलंस तर ते उत्तर होईल. संध्याकाळी दुकानात थांब. आणि डोळ्यांवर पाणी मार, अशा डोळ्यांनी कुणी चष्मा विकत घेणार नाही तुझ्याकडून."

पत्तेवाली निघाली ती ताठ मानेनं. मनात मात्र हिशेब काही जुळत नव्हता. दोन माणसं, दोघांकडे किल्ली, दोघांच्या हाताशी कोट. आणि दोघांतल्या कुणीही आजवर तिच्या जुड्यातला एकही पत्ता पाहिलेला नाही.

की पाहिलाय?

४

मामा, म्हणजे काकांचे मेहुणे, आपल्या घरी बूट पॉलिश करत बसले होते. त्यांचे बूट इतके चकचकीत असायचे की त्यात बघून शेजारी दाढी करायचा, असं म्हणत.

"या. आज बुटांना पॉलिश, उद्या माझ्या भविष्याला," ते म्हणाले. "तुमच्या त्या रंगीत कागदांवर माझा काडीचा विश्वास नाही, आधीच सांगतो."

"माझाही नाही फारसा," पत्तेवाली म्हणाली आणि बसली. मामा जरा गडबडले. "दुर्बीण गेल्याचं वाईट वाटतंय का?"

"वाटणारच. माझ्या बहिणीची वस्तू होती. मी भावजींना कितीदा म्हटलं, मला द्या, माझ्याकडे नीट राहील. पण तिच्याशी रोज बोलतात ते. दुर्बिणीशी. मी ऐकलंय." त्यांनी ब्रश जोरात फिरवला. "ती पोरगी नको होती आणायला. दुकान कुणाला द्यायचं ते द्या, मला नकोय. पण त्या पोरीनं येताच कपाटं हलवली. माझ्या बहिणीनं लावलेली कपाटं."

"मग घेतलीत का दुर्बीण?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. "घ्यायची असती तर दिवसाढवळ्या, भांडून घेतली असती. मला गुपचूप काही जमत नाही. माझ्या बायकोला विचारा."

ते अगदी खरं वाटत होतं. पण खोटंही असंच वाटतं कधी कधी.

हसाभाऊचा फोटो स्टुडिओ काकांच्या दुकानाला भिंतीला भिंत लावून. या माणसाला सगळे हसाभाऊ म्हणायचे कारण तो दिवसभर सगळ्यांना "हसा, हसा" म्हणायचा. एकदा म्हणे एका मयताच्या फोटोच्या वेळीही सवयीनं म्हणाला होता.

"मावशी! तुम्ही माझ्या दारात? बसा, बसा, उजेडात बसा." त्यानं स्टूल पुसून दिलं. स्टुडिओत वास यायचा तो बंद राहिलेल्या कपाटाचा. भिंतीवर जुनी जोडपी, बाळं, पदवीधर. नवीन फोटो एकही नाही. कोपऱ्यात काळी फडकी पांघरून तीन पायांवर उभ्या असलेल्या तीन आकृत्या.

"हे कोण, पाहुणे?"

"जुने कॅमेरे. फोन आले, यांना पेन्शनीत काढलं." हसाभाऊ हसला. "काकांचं ऐकलं. फार वाईट झालं. पोर चांगली आहे हो, पण अनोळखी. काय सांगावं कुणाचं."

"एक पत्ता सापडला तिथं."

"म्हणाले काका. आता मला तुमच्या पत्त्यांतलं काय कळणार? एक पत्ता काय नि दुसरा काय, मला सगळे सारखे. तुमचा जिनाच चढलो नाही कधी, हा गुडघा."

"काका दुकान कुणाला देणार होते, बारकी यायच्या आधी?"

"म्हणायचे, मी थकलो की मधली भिंत पाडू, तू तुझा पसारा इकडे वाढव. म्हणायचेच फक्त. म्हातारं माणूस, बोलतं." आणि मग, "मावशी, एक फोटो काढू का? मान जरा इकडे. हनुवटी खाली. हां, आता चित्र जमलं. मला चित्र कळतं हो, तीस वर्षं दुसरं केलंय काय? एकदा पाहिलेलं चित्र मी विसरत नाही आणि त्याच्या जागी दुसरं खपवून घेत नाही."

पत्तेवालीला शिंक आली. कोपऱ्यातल्या दोन फडक्यांवर धूळ एवढी की त्यात मेथी पेरली असती तर उगवली असती.

बाहेर आल्यावर तिनं आपल्या चष्म्याच्या काचा पुसल्या आणि स्वतःशीच हसली. संध्याकाळी काय करायचं ते तिला आता ठरवायचं नव्हतं. ते ठरलं होतं.

५

शटर अर्ध्यावर होतं. काकांच्या दुकानात चौघं: काका गल्ल्यामागे, बारकी भिंतीपाशी, मामा चकचकीत बुटांत, हसाभाऊ गुडघा चोळत. दुर्बिणीच्या जागेवर जमिनीवर तीन पायांचे तीन फिकट ठिपके.

पत्तेवालीनं आपला जुडा काउंटरवर ठेवला. "काकांना एक पत्ता सापडला. तो काकांच्या खिशात आहे आणि माझ्याखेरीज त्यांनी कुणालाही दाखवलेला नाही. हो ना काका?"

"कुणालाही नाही."

"माझी एक तऱ्हा आहे. मी काही सांगत नाही, मी विचारते. हे घ्या पत्ते, सगळे सुलटे. चोरीच्या जागी कुठला पत्ता पडला असेल, असं वाटतं? एक निवडा. आधी मामा."

"हा काय पोरखेळ," मामा म्हणाले, पण त्यांनी वरचे चार-पाच पत्ते सारले आणि एक काउंटरवर आपटला. घोड्यावरचा सांगाडा. "हा घ्या. याहून भयंकर यात काही आहे का? झालं समाधान?"

"झालं. हसाभाऊ?"

हसाभाऊनं जुडा हातात घेतला. एकेक पत्ता उजेडाकडे धरून बघत गेला, फोटोवाला फोटो बघतो तसा. सांगाड्याकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. चंद्र बाजूला केला. कोसळणारा बुरूज बाजूला केला. जुडा संपला. पत्तेवाली त्याच्या हातांकडे बघत राहिली. तिला गप्प बसता यायचं; तिच्या कामातली अर्धी मेहनत तीच होती.

हसाभाऊनं जुडा उलटवला आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागला.

"सापडत नाही का?" तिनं हळूच विचारलं.

"अहो, यात एक कमी आहे," हसाभाऊ म्हणाला.

"एक? माझ्या जुड्यात बरेच कमी आहेत. गावभर फिरतायत. तुम्ही कुठला शोधताय?"

हसाभाऊचा हात थांबला.

"मामांना चोरीचा पत्ता माहीत नव्हता, म्हणून त्यांनी पहिला भयंकर दिसला तो फेकला. ज्याला माहीत नाही त्याला कुठलाही चालतो. तुम्ही एवढ्या चित्रांमधून एकही घेतलं नाहीत. का, तर तुम्हाला चुकीचं चित्र खपत नाही. म्हणजे बरोबर कुठलं ते तुम्ही पाहिलंय. तो पत्ता काकांच्या खिशात आहे असं मी सांगूनही सवयीनं तुमचे डोळे त्यालाच शोधत राहिले. फोटोच्या वेळी बारकीचा कोट तुमच्या खुंटीवर होता. आत पत्ता होता. हसणारा चोर बघितलात आणि डोक्यात आलं, हा तिथं टाकला की चोरी तिच्याच नावावर खपवता येईल."

"मावशी, तुम्ही..." हसाभाऊनं हसायचा प्रयत्न केला. जन्मभर दुसऱ्यांना हसा म्हणणाऱ्या माणसाला ते काही जमलं नाही.

"बारकी, शेजारी जा," पत्तेवाली म्हणाली. "कोपऱ्यात तीन काळी फडकी आहेत. दोघांवर धूळ आहे. ज्याच्यावर नाही, ते उचल."

६

बारकी दुर्बीण कवेत घेऊन आली, लहान पोराला उचलून आणावं तशी.

"परत देणार होतो, काका," हसाभाऊ खाली बघत म्हणाला. "ही पोर इथून गेली की देणार होतो. माझ्याकडे कुणी येत नाही आता. तुम्ही भिंत पाडू म्हणालात, मी ते धरून बसलो. मग ही आली."

मामा बूट आपटत पुढे झाले. काकांनी हात आडवा केला, आणि मामा थांबले.

"किल्ली ठेव," काका हसाभाऊला म्हणाले. आवाज चढला नव्हता. "बाकीचं आपण उद्या उजेडात बोलू. तू गेलास तर माझी हरवलेली किल्ली कुणाकडे मागू, हा मलाही प्रश्न आहे."

हसाभाऊनं किल्ली ठेवली आणि अर्ध्या शटरखालून वाकून गेला. गुडघा दुखतोय असं मुळीच वाटलं नाही.

काकांनी खिशातून चोराचा पत्ता काढून काउंटरवर ठेवला. मग गल्ल्यामागून बाहेर आले आणि बारकीच्या शेजारी उभे राहिले, पत्ता दोघांना सुलटा दिसेल असा.

"मला सकाळी आधी चोरच दिसला," ते म्हणाले. "दुसरं काही बघितलंच नाही मी. तुला आधी काय दिसलं होतं गं?"

बारकीनं मावशीकडे बघितलं. मावशी जुडा नीट करण्यात अगदी गढून गेली होती.

"या दोन तलवारी," बारकी म्हणाली. "मागे राहिलेल्या. मी तिकडे काय काय सोडून आले ते. नोकरी, मैत्रिणी. वाटायचं, सगळं उचलून आणता येत नाही माणसाला, आणि मागे वळून बघितल्याशिवाय राहवतही नाही. काका, मला इथं राहायचंय. पण कधीकधी मी मागे वळून बघणार. चालेल ना तुम्हाला?"

काकांनी हसाभाऊनं ठेवलेली किल्ली उचलली आणि बारकीच्या हातात दिली. "ही पण तुझ्याकडेच ठेव. मी माझी हरवणारच आहे."

मामा खाकरले. "कपाटं जरा पुन्हा..."

"मामा, उद्या या. तुम्ही सांगाल तशी लावू," बारकी म्हणाली.

मामा आपल्या बुटांकडे बघत राहिले. त्यांना तिथं काय दिसलं ते त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्तेवालीला जिन्यावरून आवाज आला. पहिल्या पायरीला एक शिवी. दुसऱ्या पायरीला दुसरी, जरा वरच्या सुरात. मधल्या पायरीवरची मांजर उठून पळाली. काका वर पोचले, दाराला टेकून धापा टाकत राहिले, आणि मग पाकिटातून एक पत्ता काढून टेबलावर ठेवला. कडा झिजून पार मऊ झालेल्या. त्यावर एक एकटा म्हातारा उभा, हातात कंदील, आणि भोवती चिटपाखरू नाही.

"हा घे परत."

"प्रश्न सुटला?"

"तिनं आज माझ्या आधी दुर्बीण पुसली," काका म्हणाले. "चुकीच्या फडक्यानं. शिकवावं लागेल." आणि खाली जायला वळले, कारण दुकान उघडायची वेळ झाली होती.